मागे दिलेला चेंडू

मी फुटबॉलवर लेख लिहीत आहे हे कळल्यावर वर्गातल्या एकाने विचारले, "हरलेल्या संघाच्या खेळाडूने लेख लिहायचा की माफीपत्र?" त्याने चेष्टा केली, पण त्याच्या चेष्टेत तथ्य आहे. हा लेख अर्धा माफीपत्रच आहे, हे सुरुवातीलाच कबूल केलेले बरे.

गेल्या ऑक्टोबरात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमचा संघ पहिल्याच सामन्यात हरला. शून्य विरुद्ध एक. समोरचा संघ आमच्याहून कच्चा होता. त्यांच्यापैकी तिघांच्या पायात फुटबॉलचे बूटही नव्हते, साधे कॅनव्हासचे जोडे होते. तरी ते जिंकले, आणि आम्ही परतीच्या एस.टी.त एकमेकांची तोंडे चुकवत बसलो.

झाले ते असे. शिट्टी वाजल्यापासून त्या संघाचे दहाच्या दहा गडी आपल्या गोलापुढे जाऊन उभे राहिले. चेंडू जवळजवळ सर्व वेळ आमच्याकडे. आम्ही मारत होतो आणि तो कुणाच्या तरी पायावर, छातीवर, पाठीवर आदळून परत येत होता. आमचा सहा नंबरचा खेळाडू मधल्या फळीत खेळतो. पहिल्या वर्षाचा मुलगा, अंगाने किरकोळ, रोज खेड्याहून एस.टी.ने ये-जा करणारा. पुढे वाट नाही असे दिसले की तो चेंडू मागे आपल्याच बचावपटूला द्यायचा आणि जागा बदलून पुन्हा मागायचा. असे चार-पाच वेळा झाल्यावर मैदानाच्या कडेला उभी असलेली आमचीच पोरे ओरडू लागली, "अरे, माघारी कामून देऊलालास? म्होरं मार की!" त्यात मैदानावरूनही एक आवाज मिसळला होता, आणि तो सर्वांत मोठा होता. तो माझा. मी आघाडीला खेळतो. मला चेंडू हवा होता.

त्याने आमचे ऐकले. पुढच्या वेळी चेंडू मागे न देता त्याने तो डोळे मिटून उंच पुढे मारला. त्यांच्या एका उंच बचावपटूने तो डोक्याने अडवला, दुसऱ्याने पुढे ढकलला. आम्ही सगळे त्यांच्या अंगणात, आमच्या घरात दोघेच. दहा सेकंदांच्या आत चेंडू आमच्या जाळ्यात होता. सामना संपल्यावर सगळा दोष त्या पोराच्या माथी आला. आधी मागे दिलास म्हणून दोष, मग पुढे मारलास म्हणूनही दोष. तो काही बोलला नाही. दिवाळीनंतर तो सरावाला आला नाही.

तेव्हापासून मी या सामन्याचा विचार करतो आहे. माझे मत असे झाले आहे की, त्या दिवशी आमच्या अकरा जणांत बरोबर खेळत होता तो एकटा सहा नंबर. चुकलो आम्ही, आणि आमच्यासारखाच चुकतो आहे आपल्या देशाचा संघही. घट्ट बसलेला बचाव समोरून धडका मारून फुटत नाही. तो आधी जागचा हलवावा लागतो, आणि हलवण्यासाठी पुष्कळदा चेंडू मागेच द्यावा लागतो.

फुटबॉल न पाहणाऱ्या वाचकांसाठी थोडे समजावून सांगतो. फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. त्याच्यापुढची पेनल्टीची चौकट ४०.३२ मीटर रुंद आणि १६.५ मीटर खोल. एखादा संघ आपले आठ-नऊ गडी या चौकटीत आणि तिच्या तोंडाशी दोन ओळी करून उभे करतो, तेव्हा त्याला खोल बचाव म्हणतात. आघाडीच्या खेळाडूचे अन्न म्हणजे बचावफळीच्या पाठीमागची मोकळी जागा. बचावफळी मैदानाच्या मध्याजवळ असेल तर तिच्यामागे तीस-चाळीस मीटर रान पडलेले असते. तीच फळी गोलाजवळ जाऊन बसली की मागे फक्त गोलरक्षक उरतो. मग माझ्यासारख्या पळणाऱ्याचे काय होणार? माझ्याजवळ वेगाशिवाय दुसरा गुण नाही. अरुंद बोळात घोडा नेऊन बांधावा तशी माझी गत झाली होती.

असे खेळणे भेकडपणाचे आहे, असे आमच्यातले बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याच्याजवळ कमी आहे त्याने आहे ते राखून खेळावे, यात लाज कसली? त्याच्या आदल्या वर्षी आम्ही एका बलाढ्य संघापुढे नेमके हेच केले होते. नव्वद मिनिटे गोलापुढे गर्दी करून शून्य-शून्य बरोबरी साधली, आणि त्या दिवशी आमच्या गोलरक्षकाला आम्हीच खांद्यावर घेऊन मिरवले. आपण केले तर चिवटपणा आणि दुसऱ्याने केले तर भेकडपणा, हा न्याय नव्हे. खोल बचाव ही दुबळ्याची हक्काची गढी आहे. ती घ्यायची कशी, हा चेंडू ज्याच्याजवळ आहे त्याचा प्रश्न आहे.

आपल्याकडे गल्लोगल्ली खेळली जाते ती कबड्डी, आणि तिच्यातही हाच पेच आहे. सात गडी मागे सरकून एकमेकांचे हात धरून उभे असतात, आणि चढाईवाला एकटा. पण कबड्डीत नियम मदतीला येतो. गडी न टिपता निदान रेषा न ओलांडता परत आला तर चढाईवाला बाद. पुढे जाऊन बोनस रेषा ओलांडली आणि समोर सहा किंवा अधिक गडी असले तर एक गुण. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीत तर दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवलाच पाहिजे, नाहीतर बाद. रेंगाळायला जागाच ठेवलेली नाही. फुटबॉलनेही वेळोवेळी नियम बदलले. १९२५ पर्यंत पुढच्या खेळाडूपुढे प्रतिपक्षाचे तीन गडी नसले तर ऑफसाइड होत असे. त्या वर्षी तिनाचे दोन केले. १९९२ साली, सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेऊ नये, असा नियम आला. पण गोलापुढे गर्दी करून उभे राहू नका, असा नियम कुणी केलेला नाही, आणि मला वाटते करूही नये. येथे नियम सोडवणार नाही. डोकेच चालवावे लागणार.

आता देशाच्या संघाकडे वळतो. आमच्या सामन्याच्या आठच दिवस आधी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, गोव्यात मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारत विरुद्ध सिंगापूर हा आशिया चषकाचा पात्रता सामना झाला. मित्राच्या खोलीवर एका मोबाइलभोवती आम्ही नऊ जण बसलो होतो. चौदाव्या मिनिटाला छांगटेने गोल केला तेव्हा घरमालक वर येऊन दम देऊन गेले. मध्यंतराआधी सिंगापूरच्या सोंग उई-यंगने बरोबरी केली, आणि अठ्ठावन्नाव्या मिनिटाला त्यानेच दुसरा गोल केला. अर्ध्या तासाहून अधिक खेळ शिल्लक होता. मैदान आपले, प्रेक्षक आपले. पण त्या अर्ध्या तासात आपल्याला एक गोल करता आला नाही. सामना १-२ असा गेला आणि २०२७ च्या आशिया चषकाचे दार बंद झाले. घरमालकांना पुन्हा वर यावे लागले नाही.

ही एका दिवसाची गोष्ट नव्हे. मार्च २०२४ मध्ये विश्वचषकाच्या पात्रता फेरीत आपली गाठ अफगाणिस्तानशी पडली. जागतिक क्रमवारीत आपण ११७ वे, ते १५८ वे. शिवाय त्यांचे अनेक प्रमुख खेळाडू त्या संघात नव्हते. सौदी अरेबियातल्या अभा येथे सामना शून्य-शून्य सुटला. पाच दिवसांनी गुवाहाटीत, सुनील छेत्रीच्या दीडशेव्या आंतरराष्ट्रीय सामन्यात, आपण १-२ असे हरलो. आपला एकमेव गोल छेत्रीचा, तोही पेनल्टीवर. म्हणजे दोन सामन्यांच्या १८० मिनिटांत चालत्या खेळातून एकही गोल नाही.

उलट बाजूही पाहा. मुंबईच्या मैदानांवर खेळून मोठे झालेले खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचे प्रशिक्षक झाले. त्यांनी २०१७ साली मिझोरामच्या ऐझॉलसारख्या छोट्या संघाला आय-लीग जिंकून दिली होती. थोडक्यात भागवण्याची कला त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या हाताखाली त्या महिन्याअखेर मध्य आशियाई स्पर्धेत आपण ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात २-१ असे हरवले. दोन्ही गोल बचावपटूंचे, अन्वर अली आणि संदेश झिंगन यांचे. पुढे ओमानला पेनल्टींवर नमवून तिसरा क्रमांक मिळवला. त्याच स्पर्धेत अफगाणिस्तानशी मात्र पुन्हा शून्य-शून्य! समोरचा जोरात असला, त्याने हल्ला करावा आणि आपण राखावे असे असले, की आपण बरे खेळतो. समोरचा बसला, आणि पुढे जाऊन दार उघडायची जबाबदारी आपल्यावर आली, की आपले हातपाय गळतात. आपण राखायला शिकलो. उघडायला शिकलो नाही.

येथे कुणी म्हणेल, "म्हणजे आडवे-तिडवे पास देत बसले की झाले?" हा आक्षेप बिनतोड आहे, आणि त्याचा पुरावाही मीच देतो. १ जुलै २०१८ रोजी मॉस्कोत विश्वचषकाच्या बाद फेरीत स्पेनने रशियाविरुद्ध हजाराहून अधिक पास दिले. रशियाचे खेळाडू गोलापुढे ओळी करून उभे. स्पेनच्या नावावर जो एक गोल लागला तो रशियाच्याच खेळाडूच्या पायाला लागून गेलेला. सामना १-१ राहिला आणि पेनल्टींवर स्पेन ३-४ ने बाहेर पडला. हजार पास आणि स्वतःच्या हिमतीवर एकही गोल नाही! जात्यात दाणे न टाकता नुसता खुंटा फिरवत राहावे, तसे ते झाले. म्हणून मागे दिलेल्या पासाची मी पूजा मांडत नाही. मागे द्यायचा तो समोरचा गडी मोहाने एक पाऊल पुढे यावा म्हणून, आणि तो आला की त्याने सोडलेल्या जागेत चेंडू लगेच घालायचा. हे दुसरे पाऊल विसरले की पहिले व्यर्थ जाते.

ही गोष्ट मला पुस्तकातून कळायच्या आधी घरी कळली. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांनी आयुष्यात फुटबॉलचा एकही सामना पाहिलेला नाही. हरून आलो त्या रात्री त्यांनी विचारले, "तुम्ही लई अन् ते थोडके, मग हरलाव कसं?" मी म्हणालो, सगळे गोलापुढे दाटून उभे होते, फट म्हणून नव्हती. ते जेवता जेवता म्हणाले, "दाटून लावलेल्या थप्पीतलं मधलं पोतं कुणी ओढतं का? पोतं फाटतं अन् आपली कंबर जाते. कडंचं हलवायचं आधी. मधलं आपसूक सैल होतंय." आणि पाणी पिऊन झोपायला गेले. मी मात्र जागा राहिलो. आम्ही नव्वद मिनिटे मधलेच पोते ओढत होतो.

आपल्या गावाच्या इतिहासातही हाच धडा आहे. उदगीरची लढाई आपण शाळेपासून ऐकतो. भाषणात सदाशिवरावभाऊंचे नाव आले की टाळ्या पडतात. पण लढाई जिंकली कशी, हे फारसे कुणी सांगत नाही. निजामाची फौज उदगीरहून धारूरच्या दिशेने निघाली ती तोफा भोवताली ठेवून, घट्ट एकवटून. मराठी घोडदळाने त्या भिंतीवर आंधळी धडक घेतली नाही. चहूकडून घेरून वाटेवर हैराण केले, रसद तोडली, आणि इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना जवळ होताच. चालती भिंत सैल झाली तेव्हा ३ फेब्रुवारी १७६० रोजी औशाजवळ निकराचा हल्ला केला. पुढच्या तहात दौलताबाद, अहमदनगर, विजापूर, बऱ्हाणपूर, असीरगड अशी ठाणी आणि सुमारे साठ लाखांचा मुलूख मिळाला. दैव असे की, वर्ष पुरे व्हायच्या आत तेच भाऊ पानिपतावर खंदक खणून बसले होते. अब्दालीनेही त्या खंदकावर घाई केली नाही. त्याने रसद तोडली आणि वाट पाहिली. अखेर भुकेने गांजून १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी फौज स्वतःच बाहेर पडली. एकदा आपण दुसऱ्याला हलवून जिंकलो, एकदा दुसऱ्याने आपल्याला हलवून हरवले. युद्धात माणसे मेली, खेळात फक्त तोंड उतरते. दोन्हींची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. पण युक्ती तीच आहे.

फुटबॉलमधले याचे सर्वांत सुंदर उदाहरण मला २५ मे १९६७ च्या लिस्बनच्या सामन्यात सापडले. युरोपियन चषकाची अंतिम लढत होती. एका बाजूला इटलीचा इंटर मिलान. त्यांचे प्रशिक्षक हेलेनियो हेरेरा यांनी बचावाचे शास्त्र करून ठेवले होते. त्या पद्धतीचे इटालियन नाव 'कातेनाच्यो', म्हणजे दाराचा अडसर. त्या अडसराच्या बळावर त्यांनी १९६४ आणि १९६५ असे दोनदा हा चषक जिंकला होता. दुसऱ्या बाजूला स्कॉटलंडचा सेल्टिक. त्यांचे सगळे खेळाडू आपल्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले. तीस मैल म्हणजे किती? उदगीरहून निघालेली गाडी लातूरला पोहोचायच्या आधीच ते अंतर संपते.

सातव्या मिनिटाला पेनल्टीवर इंटरने गोल केला आणि अडसर लावून घेतला. आमच्यासारखा संघ असता तर येथून पुढे नुसते उंच चेंडू मारत बसला असता. सेल्टिकने तसे केले नाही. त्यांचे बचावपटूही बगलेतून वर येऊ लागले. कधी या कडेने, कधी त्या कडेने. इंटरच्या माणसांना सतत सरकावे लागले. दोनदा चेंडू गोलाच्या दांड्याला लागला, गोलरक्षक सार्तीने कितीतरी अडवले. तरी ते थांबले नाहीत. त्रेसष्टाव्या मिनिटाला उजव्या बाजूचा बचावपटू जिम क्रेग चेंडू घेऊन चौकटीजवळ आला. सगळे त्याच्याकडे सरकले. त्याने चेंडू गोलाकडे मारला नाही. त्याने तो मागे दिला! मागून धावत आलेला डाव्या बाजूचा बचावपटू टॉमी गेमेल याने चौकटीबाहेरून असा मारला की, सार्तीचा हात पोहोचायच्या आत चेंडू जाळ्यात. आणि शेवटची पाच-सहा मिनिटे उरली असताना मर्डोकच्या फटक्याला चामर्सने दिशा दिली. २-१. अडसर निघाला. तो निघायला ज्या गोलाने सुरुवात झाली त्याच्या आधीचा पास मागे दिलेला होता, हे मी मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिले. प्रत्येक वेळी मला आमचा सहा नंबर आठवला.

आपल्याला मागे जाण्याची इतकी लाज का वाटते? मला वाटते, ती मैदानाबाहेरून येते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. दहावीला बरे गुण पडले तेव्हा सगळ्या भावकीने ठरवून टाकले की, पोराने विज्ञान घ्यायचे, लातूरला क्लास लावायचा, डॉक्टर व्हायचे. लातूरच्या शिकवणीची ख्याती आपल्याला नवी नाही. मी विज्ञानशाखेत दोन महिने बसलो. फळ्यावर काय चालले आहे ते कळत नव्हते, आणि क्लासची फी अण्णांच्या पाठीवरून येणार हे मात्र स्पष्ट कळत होते. मी शाखा बदलून कलाशाखेत आलो. चुलते म्हणाले, "मागं आलास की रे!" दोन वर्षे ते वाक्य माझ्या कानात होते. आज मला इतिहास आवडतो, परीक्षेला बसताना छातीत धडधड होत नाही, आणि पुढे काय करायचे हेही दिसू लागले आहे. मी मागे आलो होतो ते पुढची वाट दिसावी म्हणून. ज्या वाक्याने मी दोन वर्षे खजील झालो, तेच वाक्य मी भर मैदानावर दुसऱ्याच्या अंगावर फेकले. याची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

नुसते मत मांडून थांबू नये, म्हणून पुढच्या मोसमासाठी चार गोष्टी सुचवतो. पहिली गोष्ट सरावाची. आपण सरावात ओळीने उभे राहून रिकाम्या गोलावर चेंडू मारतो. सामन्यात गोल रिकामा कधी मिळतो? त्याऐवजी अर्ध्या मैदानात आठ जणांनी बचाव करावा, सहा जणांनी हल्ला करावा, आणि चेंडू दोन्ही कडांना जाऊन आल्याशिवाय गोलावर मारायचा नाही असे बंधन घालावे. याला पैसा लागत नाही. चेंडू एकच असला तरी चालतो. दुसरी गोष्ट, बगलेच्या दोघांनी चुन्याच्या रेषेला पाय लावून उभे राहावे. आपण सगळे चेंडूच्या मागे मध्यात गोळा होतो आणि बचावाची गर्दी आपणच वाढवतो. तिसरी, चेंडू आपल्याकडे असतानाही दोघांनी-तिघांनी मागे पहारा ठेवावा. खोल बसलेला संघ झोपलेला नसतो; तो आपल्या एका चुकीची वाट पाहत असतो, हे आम्ही दहा सेकंदांत शिकलो. चौथी, कॉर्नर आणि फ्री किक या आयत्या संधींचा वेगळा सराव करावा. ताजिकिस्तानात आपल्या बचावपटूंनी गोल केले ते उगीच नव्हेत.

आणि पाचवी गोष्ट खेळाडूंसाठी नाही. ती मैदानाच्या कडेला उभे राहणाऱ्या तुम्हा सर्वांसाठी आहे. तुम्ही येता, ओरडता, म्हणून आम्हाला बळ येते, हे खरे. पण चेंडू पायाशी असलेल्या माणसाला दिसते ते कडेवरून दिसत नाही, आणि आघाडीला उभ्या असलेल्या उतावळ्यालाही दिसत नाही. "म्होरं मार" हा सल्ला सर्वांत सोपा, कारण त्याचा हिशेब देणाऱ्याला द्यावा लागत नाही.

गेल्या महिन्यात मी आमच्या सहा नंबरच्या गावी जाऊन आलो. त्याच्या आईने चहा केला. तिला वाटले, मी कॉलेजातून काही निरोप घेऊन आलो आहे. मी लिस्बनचा तो गोल त्याला मोबाइलवर दाखवला आणि म्हणालो, "तू बरोबर होतास, मी चुकीचा ओरडलो." त्याने तो गोल दोनदा पाहिला. मग म्हणाला, "मागं देऊन पुढं पळायला पाहिजे होतं मी. मी उभाच राहत होतो." आपली चूक त्याला माझ्याआधीच सापडली होती. सरावाला येशील का, असे विचारल्यावर तो नुसते "बघू" म्हणाला.

तो येईल की नाही, मला माहीत नाही. आला, आणि पुढच्या मोसमात समोरचा संघ पुन्हा गोलापुढे दाटून उभा राहिला, तर तो चेंडू मागे देईल. त्या वेळी तुम्ही कडेला उभे असाल, तर कृपा करून दोन मिनिटे दम धरा. मी तर धरणारच आहे.